न लिहिलेला शेरा

“सर, पिंग तर जातंय, पण फाइल उघडत नाही.”

आषाढातल्या एका रात्री, साडेनवाच्या सुमारास, चिपळूणच्या शाखेतील एका तरुण सहकाऱ्याने दूरध्वनीवरून हे वाक्य उच्चारले, तेव्हा त्याच्या पाठीमागे पत्र्यावर कोसळणारा पाऊस इतका स्पष्ट ऐकू येत होता, की त्या कोलाहलातून एवढे शब्द पुण्यापर्यंत अखंड पोहोचले याचेच मला प्रथम कौतुक वाटले. संगणकांच्या जाळ्यांची निगराणी हा माझा तीस वर्षांचा व्यवसाय. आणि या व्यवसायात गाऱ्हाणे बहुधा अशाच, एकमेकांस खोटे पाडणाऱ्या दोन अर्ध्या वाक्यांत मांडले जाते. वैद्याला नाडी ठणठणीत लागावी आणि रोग्याने मात्र डोळे उघडू नयेत, तसला हा प्रकार. शाखेतील मंडळी चार दिवसांपासून हैराण होती. दोन ओळींच्या ईमेल येत होत्या, नकाशे जोडलेल्या ईमेल मध्येच अडकत होत्या. शाखेतून नकाशे वर चढत होते, पण तेच नकाशे मुख्य कचेरीच्या सर्व्हरवरून खाली उतरत नव्हते. आणि पडद्यावरचे ते लहानसे चक्र, घाण्याला जुंपलेल्या बैलाप्रमाणे, कोठेही न पोहोचता फिरत राहत होते.

पिंग ही मोठी निरागस वस्तू आहे. एका यंत्राने दुसऱ्याला “आहेस का?” असे विचारावे, आणि दुसऱ्याने तोच मजकूर जसाच्या तसा परत करून “आहे” म्हणावे, एवढाच तिचा संसार. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत माइक मूस याने डिसेंबर १९८३ मध्ये ही आज्ञावली लिहिली, आणि पाण्याखाली ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडीचा ठाव घेणाऱ्या सोनारच्या आवाजावरून तिचे नाव ठेवले. विंडोजच्या यंत्रावरून हा प्रश्न निघतो तेव्हा त्याच्या पोटात अवघा ३२ बाइटांचा मजकूर असतो, आणि तो मजकूर म्हणजे इंग्रजी वर्णमाला: ए पासून डब्ल्यू पर्यंत, आणि जागा उरते म्हणून पुन्हा ए पासून आय पर्यंत. पहिलीतल्या मुलाने पाढा म्हणत दाराबाहेर जावे आणि तोच पाढा म्हणत घरी यावे, तसे हे पॅकेट जाते आणि येते. मूल सुखरूप परतले म्हणून रस्ता ठीक आहे असे आपण समजतो. परंतु त्या रस्त्याने गुळाच्या ढेपांनी भरलेली मालमोटार जाऊ शकेल काय, हे त्या मुलाच्या येण्याजाण्यावरून कसे कळावे?

पहिल्या रात्री मी एक दोष शोधून काढला आणि त्याच समाधानात झोपी गेलो. शाखेतील राउटर आणि त्याच्या शेजारचा स्विच यांच्यात जी वीतभर लांबीची तार होती, तिच्या दोन टोकांना दोन भिन्न समजुती नांदत होत्या. राउटरला कोणीतरी कायमचे बजावून ठेवले होते, की तू एकाच वेळी बोलावेस आणि ऐकावेस. स्विचला मात्र समोरच्याशी बोलणी करून रीत ठरवण्याची मुभा होती, आणि समोरचा बोलणी करीतच नाही असे दिसल्यावर त्याने आपल्या शिरस्त्याप्रमाणे सावध पवित्रा घेतला होता, की एक बोलेल तेव्हा दुसऱ्याने थांबावे. तुरळक रहदारीत अशा विसंगतीचा पत्ताही लागत नाही. पण दोहींकडून बोलण्याची गर्दी झाली, की एकाला वाटते दुसरा मध्येच बोलतो आहे, दुसऱ्याला वाटते आपले बोलणे अर्धवट तुटले, आणि मोजणीच्या रकान्यांत चुका चढत जातात. मी दोघांनाही बोलणी करून रीत ठरवण्यास लावले. चुकांचे आकडे थांबले, वेग वाढला, आणि सकाळी पुन्हा दूरध्वनी आला: “सर, आता भरभर चालतंय, पण फाइल उघडत नाही.” एका दुखण्याखाली दुसरे दुखणे झाकलेले असते, आणि वरचे बरे झाल्यावर खालचे अधिकच उघडे पडते.

मग संशय साहजिकच फायरवॉलवर गेला. फायरवॉल या शब्दाने अग्नी अडवणाऱ्या भिंतीचे चित्र उभे राहते; पण तिचे नित्याचे काम पाहिले तर ती भिंत नव्हे, नाका आहे. प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर, मालाच्या बिल्टीवर असावे तसे, कोठून आले, कोठे जायचे, काय आहे, हे लिहिलेले असते. फायरवॉल ते वाचते, आपल्याजवळच्या नियमांच्या फर्दीत वरून खाली बोट फिरवीत जाते, आणि जो नियम प्रथम लागू पडेल त्याप्रमाणे मुभा देते अथवा मनाई करते. हे सारे मला इतके परिचयाचे वाटते याचे कारण माझ्या व्यवसायात नाही, माझ्या बालपणात आहे. माझे वडील, अण्णा, कृष्णाकाठच्या एका लहान नगरपालिकेत जकात नाक्यावर कारकून होते.

रस्त्यावर आडवा बांबू, त्याच्या एका टोकाला दोरीने बांधलेला ओबडधोबड दगड, बाजूला पत्र्याची चौकी, आत एक मेज, मेजावर निळ्या कार्बनाची पावतीपुस्तके आणि वर छताला सूं सूं करणारा पेट्रोमॅक्स: एवढे त्या साम्राज्याचे वैभव. रात्रपाळीचा डबा घेऊन मी जात असे, आणि डबा रिकामा होईपर्यंत बाकावर बसून गाड्यांची तपासणी पाहत असे. हळदीची पोती, कापडाचे तागे, घासलेटाचे डबे; ताडपत्रीचा कोपरा उचलला जाई, बिल्टीवर कंदिलाचा उजेड पडे, आणि बांबूचे टोक एकदाचे आकाशाकडे जाई. पण मला आठवतात त्या अडवलेल्या गाड्या. एखाद्याचा कागद अपुरा निघाला, तर अण्णा त्याला परतवीत. मात्र परतवण्यापूर्वी पावतीच्या शेवटल्या रकान्यात, शेऱ्याच्या जागी, आपल्या किंचित डावीकडे कललेल्या अक्षरात कारण लिहून ते चतकोर त्याच्या हाती देत. एकदा मी विचारले होते, की जाऊ द्यायचेच नाही तर लिहीत कशाला बसता. त्यावर ते म्हणाले, “अडवायचा तर अडवावा रे, पण का अडवला ते लिहून द्यावं. कारण कळलं की माणूस वाट काढतो. नाही कळलं की नुसता हॉर्न वाजवतो.”

पॅकेट हरवणे ही गोष्ट सामान्य माणसाला अपघातासारखी वाटते. आमच्या व्यवसायात ती एक भाषा आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तेथून अवघ्या ४०० यार्डांवर असलेले बर्कलीचे विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून एकाएकी ४० बिटांवर घसरला. मधला रस्ता तुटला नव्हता; झाले होते ते इतकेच, की उत्तर आले नाही म्हणून प्रत्येक यंत्र आपला मजकूर पुनःपुन्हा पाठवीत होते, आणि त्या पुनरुक्तीनेच रस्ता तुंबला होता. नाक्यावर खोळंबलेल्या शंभर मोटारींनी एकदम हॉर्न वाजवावा, तशी ती अवस्था. त्या घटनेचा छडा लावणाऱ्या व्हॅन जेकबसन याने १९८८ मध्ये जो उपाय मांडला, त्याचे मर्म असे, की हरवलेले पॅकेट हा आपल्यासाठी आलेला निरोप समजावा. पुढे गर्दी आहे हे त्यातून ओळखावे, पाठवण्याचा जोर निम्म्यावर आणावा, आणि मग पुन्हा हळूहळू, अंदाज घेत वाढवावा. आजही साऱ्या जगाची रहदारी या संयमावर चालते. वियोगातून शहाणपण घेणारी यंत्रे माणसाने घडवली, याचे मला कधी कधी फार नवल वाटते.

याच्या उलट जे घडते तेही बोधप्रद आहे. पुढे स्मृती स्वस्त झाली आणि प्रत्येक राउटरच्या पोटात मोठमोठी कोठारे आली. काहीच हरवू द्यायचे नाही, सारे साठवून ठेवायचे, अशी रीत पडली. त्याचा परिणाम असा झाला, की पॅकेटे हरवली नाहीत, पण इतकी रखडली की पोहोचूनही निरुपयोगी ठरली; आणि हरवण्यातून मिळणारा इशाराच न मिळाल्यामुळे पाठवणारे बेधडक पाठवीत राहिले. २०१० च्या सुमारास जिम गेटिस याला आपल्या घरच्याच जोडणीत हे दुखणे सापडले, आणि त्याने त्याला बफरब्लोट, म्हणजे कोठार फुगणे, असे नाव दिले. आमच्या घरातील माळा मला या प्रसंगी हटकून आठवतो, जेथे काहीच टाकायचे नाही या तत्त्वामुळे हवे ते कधीच सापडत नसे.

दुसऱ्या रात्री कचेरी रिकामी झाल्यावर मी सर्व्हरपाशी बसलो आणि चिपळूणच्या यंत्राकडे पिंग सोडू लागलो. पण या वेळी ते पहिलीतले मूल नव्हते. त्याच्या पाठीवर मी ओझे चढवले, आणि माथ्यावर खूण केली, की वाटेत याचे तुकडे करू नयेत. सामान्य जाळ्यावरून १५०० बाइटांचे पॅकेट जाते. त्यातले २८ बाइट माथ्यावरच्या मजकुराचे, म्हणजे ओझे १४७२ चे. ते सोडले: ‘विनंतीची वेळ संपली’. १४०० चे सोडले: वेळ संपली. १३०० चे परतले. १३५० चे परतले. १३९० चे परतले, १३९५ चे नाही. अंधारात भिंत चाचपीत दाराची चौकट शोधावी तसा मी एकेका बाइटाने सरकत गेलो, आणि १३९४ वर चौकट हाताला लागली. चिपळूणची जोडणी साध्या ब्रॉडबँडची होती. तिच्या रीतीभातीत ८ बाइट जात होते, आणि पुण्याहून चिपळूणपर्यंतचा मजकूर ज्या गुप्त बोगद्यातून जात होता त्याच्या लखोट्याला आणखी काही जागा लागत होती. १५०० चा माल आणि १४२२ ची कमान: गणित एवढे साधे होते.

पण माझे लक्ष गणितावर नव्हते. अशा वेळी ‘वेळ संपली’ हे उत्तर यायलाच नको होते. जाळ्याची रचना करणाऱ्यांनी १९९० मध्येच याची सुरेख तजवीज करून ठेवली आहे: ज्या राउटरच्या दारातून पॅकेट मावत नाही, त्याने ते टाकून द्यावे, पण त्याचबरोबर पाठवणाऱ्याकडे एक चिठ्ठी धाडावी, की हे फार मोठे आहे, याचे तुकडे करायला हवेत, आणि माझ्या दारातून अमुक इतकेच जाते. नकाराच्या चिठ्ठीतच पुढच्या वाटेचे माप लिहून पाठवण्याचा हा शिष्टाचार मला फार लोभस वाटतो. मग ती चिठ्ठी गेली कोठे?

फायरवॉलच्या दोन्ही अंगांना मी वायरशार्क लावला. हे वाहत्या तारेतील प्रत्येक पॅकेट उघडे करून दाखवणारे साधन. पूर्वी त्याचे नाव इथरियल होते, २००६ पासून ते या नावाने ओळखले जाते. पडद्यावर दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या: डावीकडे फायरवॉलची आतली बाजू, उजवीकडे बाहेरची. १४७२ चे ओझे मी पुन्हा सोडले. डावीकडे एक ओळ उमटली. उजवीकडे तीच ओळ उमटली. आणि उजव्या खिडकीत लगेच तिच्याखाली दुसरी एक ओळ आली, वेशीवरच्या राउटरची चिठ्ठी, तिच्यात स्वच्छ लिहिलेले १४२२. मी डाव्या खिडकीकडे पाहत राहिलो. तेथे काही आले नाही. मी पुन्हा सोडले, पुन्हा उजवीकडे चिठ्ठी, डावीकडे शांतता. चार दिवस, अहोरात्र, तो राउटर इमानेइतबारे प्रत्येक मोठ्या पॅकेटचे कारण लिहून पाठवीत होता, आणि आमचाच नाका, आमच्याच रक्षणार्थ, ते कारण दारातच फाडून टाकीत होता.

नियमांची फर्द उघडली. ४६ वा नियम म्हणत होता, की पिंगला मुभा आहे. ४७ वा म्हणत होता, की त्या जातीच्या बाकी साऱ्या निरोपांना मनाई. दोन्ही निरोप एकाच आयसीएमपी कुळातले. त्यातील ‘आहेस का, आहे’ एवढ्याला वाट होती, आणि ‘हे मावत नाही’ असे सांगणाऱ्याला नव्हती. प्रत्येक नियमापुढे एक शेऱ्याचा रकाना असतो. नियम कोणी केला, केव्हा, कशासाठी, हे तेथे लिहायचे. ४७ पुढचा शेरा कोरा होता.

तो नियम करणाऱ्यावर मला रागावता आले नाही. १९९६ च्या सुमारास, ६५,५३५ बाइटांची मर्यादा ओलांडणारे विकृत पिंग पाठवून दूरची यंत्रे पाडता येतात असे उघड झाले, आणि त्यानंतरच्या काळात या निरोप्यांच्या साऱ्या जातीवरच पुष्कळ ठिकाणी बंदीहुकूम निघाले. कोणी एक शत्रू जासुदाच्या वेषात आला, म्हणून यापुढे कोणताही जासूद आत घ्यायचा नाही, असे ठरवणारा किल्लेदार भित्रा असेल, पण दुष्ट नसतो. पुढे तो किल्लेदार बदलून जातो, भीतीचे कारण विसरले जाते, आणि हुकूम मात्र राहतो.

मी त्या चिठ्ठीपुरती मुभा दिली, आणि सावधगिरी म्हणून आणखी एक गोष्ट केली: दोन यंत्रे संभाषणाच्या आरंभी परस्परांना आपापले माप सांगतात, ते १३६० वर आणून ठेवले, म्हणजे कमानीत अडकेल असे काही कोणी पाठवणारच नाही. ४७ पुढच्या रकान्यात तारखेसह दोन ओळींचा शेरा लिहिला. चिपळूणहून आवाज आला, “उघडली, सर!” पत्र्यावरचा पाऊस त्या वेळी थांबलेला होता.

घरी जाताना माझ्या मनात मात्र तो कोरा रकाना राहिला, आणि त्याला धरून एक जुने पत्र. १९८९ मध्ये पुण्याच्या वसतिगृहातून मी अण्णांना चार फुलस्केप पाने भरून पत्र लिहिले होते, की अभियांत्रिकीत माझे मन रमत नाही, ती सोडून संस्कृत घेऊन बी. ए. व्हावे असे वाटते. त्यात युक्तिवाद होता, विनवणी होती, आणि वयाला शोभेल इतका उद्धटपणाही होता. त्याला उत्तर आले नाही. पुढल्या महिन्याची मनीऑर्डर मात्र ठरल्या तारखेला आली, आणि तिच्या तळाच्या चिमुकल्या कुपनावर त्याच कललेल्या अक्षरात दोन ओळी: ‘येथील सर्व क्षेम. अभ्यास करावा.’ त्यानंतरच्या महिन्यालाही तेच. कुपन मावत होते, येत होते. पत्र पोहोचलेच नाही, की पोहोचून निरुत्तर राहिले, हे मी तेव्हा विचारले नाही. जो माणूस अनोळखी मोटारवाल्याला कारण लिहून दिल्यावाचून परतवीत नसे, त्याने आपल्या मुलाला शेऱ्यावाचून परतवले असेल, हे मानायला मन धजेना. आणि टपालात गहाळ झाले असेल, हे मानायला आधार नव्हता. मी अभियंता झालो.

उत्तर न आल्यास यंत्रसुद्धा पुन्हा विचारते. फक्त प्रत्येक खेपेला आपली प्रतीक्षा ते दुप्पट करते. एक सेकंद, दोन, चार, आठ. माझेही तसेच झाले असावे. पहिल्यांदा विचारू म्हटले तेव्हा एक दिवाळी मध्ये गेली, मग लग्न, मग आईचे आजारपण, मग एक तप. मधल्या काळात मुंबईच्या वेशीवरचे नाकेसुद्धा २०१७ च्या जुलैत उठले. अण्णांचा बांबू त्याच्या कितीतरी आधी गेला होता. आता ते सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत, आणि दर रविवारी सकाळी नऊ वाजता आमचे पिंग होते. “जेवलास का रात्री?” “जेवलो. तुम्ही?” “झालं. पाऊस?” “आहे.” एकही शब्द गहाळ न होता हा व्यवहार पार पडतो, आणि आम्ही दोघेही रस्ता ठीक आहे असे समजून दूरध्वनी खाली ठेवतो.

त्या रविवारी मी थोडे अधिक ओझे चढवले. चिपळूणची हकिकत त्यांना समजेल अशा भाषेत सांगितली: एक नाका होता, तेथे लहान गाड्या सोडीत आणि मोठ्या अडवीत, पलीकडचा कारकून कारण लिहून देई, पण अलीकडचा ते फाडून टाकी, आणि तसे करण्याचा हुकूम कोणाचा, याचा शेराही कोठे नव्हता. अण्णांनी सारे ऐकून घेतले. मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. दूरध्वनीतून त्यांच्या अंगणातला पाऊस तेवढा ऐकू येत होता.

“शेरा राहिला असेल लिहायचा,” ते अखेरीस म्हणाले. “नाक्यावर गर्दी असली की राहतो.”

ते कोणत्या नाक्याविषयी बोलत होते, हे मला समजले नाही. चार पाने विचारायची होती. ती या दारातून जाणार नाहीत हेही ठाऊक होते.

“तेव्हा गर्दी होती का, अण्णा?” एवढाच तुकडा मी पाठवला, आणि पलीकडचा पाऊस ऐकत राहिलो.